युरोपातली रिव्हर क्रूझ आपल्याला मानवेल का? बुकिंग करण्याआधी ठरवायच्या गोष्टी

जर्मनीतल्या पासाऊहून रेल्वेने निघालात आणि व्हिएन्नाला गाडी बदललीत, की साडेपाच-सहा तासांत बुडापेस्ट येतं. तेच अंतर आम्ही गेल्या मे महिन्यात डॅन्यूब नदीवरून बोटीने सात रात्रींत कापलं. हे वाचल्यावर मनात पहिल्यांदा काय आलं ते लक्षात ठेवा. "वा, किती निवांत!" असं आलं असेल, तर पुढचं वाचून फक्त तपशील पक्के करायचे आहेत. "सात रात्री? कशाला?" असं आलं असेल, तर पैसे भरण्याआधी हा लेख दोनदा वाचा.

आम्ही चौघं होतो. मी, यजमान, ७७ वर्षांच्या सासूबाई आणि धाकटे दीर. एकाच बोटीवर, एकाच मार्गावर. सासूबाई आजही फोनवर नातेवाइकांना त्या नदीबद्दल सांगतात. दीर तिसऱ्या दिवशीच कंटाळले होते. बोट चांगली होती, माणसं चांगली होती. दिरांचा फिरण्याचा स्वभावच वेगळा होता आणि तो आम्ही बुकिंगआधी विचारात घेतला नव्हता. तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

१. डोळ्यांसमोरची समुद्रातली क्रूझ आधी पुसून टाका

आपल्याकडे क्रूझ म्हटलं की दहा-बारा मजल्यांचं जहाज, कॅसिनो, पाण्याच्या घसरगुंड्या आणि रात्रभर नाचगाणी आठवतात. नदीवरची बोट तशी नसते. ती साधारण ११० किंवा १३५ मीटर लांब आणि जेमतेम ११.४ मीटर रुंद असते. रुंदी इतकी कमी, कारण माइन नदी आणि ऱ्हाइन-माइन-डॅन्यूब कालव्यावरचे लॉक (बोटीला वर-खाली नेणारे पाण्याचे हौद) १२ मीटरच रुंद आहेत. बोटीत दीडशे ते एकशेनव्वद प्रवासी, एक जेवणघर, एक बसायचा हॉल आणि वर उघडा सन डेक. संध्याकाळी पियानो वाजतो, एखाद्या दिवशी स्थानिक लोकसंगीत. साडेदहापर्यंत बहुतेक माणसं झोपायला गेलेली असतात.

बोट हलत नाही म्हटलं तरी चालेल. सासूबाईंना वरंध घाटात दर दोन वळणांनी गाडी थांबवावी लागते, त्यांना इथे सात दिवसांत एकदाही मळमळलं नाही. समुद्राच्या भीतीने कोणी मागे सरत असेल, तर ती भीती इथे लागू नाही.

लॉकबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते आवडतं की नाही यावरून पुष्कळ कळतं. नदीवर धरणं आहेत, त्यामुळे बोटीला पाण्याच्या जिन्याने एकेक पायरी खाली उतरवतात. पासाऊ ते बुडापेस्टमध्ये असे ११ लॉक लागतात. बोट एका मोठ्या काँक्रिटच्या हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी सोडतात आणि तुम्ही सावकाश खाली जाता. बाजूची भिंत वर वर चढताना दिसते: ओली, शेवाळलेली, हात लांब केला तर बोटं लागतील इतकी जवळ. मग पुढचं दार उघडतं आणि नदी पुन्हा समोर. यजमान प्रत्येक लॉकला डेकवर हजर असायचे, पहाटे पाचला असला तरी. दिरांना एकदा पाहिल्यावर पुरे झालं. आणि बरेचसे लॉक रात्री येतात. भिंतीला बोट घासल्याचा हलका धक्का, दोरखंडांचा आवाज. झोप सावध असेल तर जाग येते.

२. दिवस कसा जातो ते पाहा आणि स्वतःला विचारा

आमचा एक साधा दिवस असा होता. सातला नाश्ता. साडेआठला धक्क्यावर उतरायचं, कानात गाइडचं बोलणं ऐकायचं यंत्र, हातात केबिनच्या नंबराचं कार्ड. गाइडबरोबर दोन-अडीच तास मेल्कचा मठ. साडेबाराला बोटीवर जेवण आणि जेवताजेवता बोट सुटते. दुपारभर वाखाऊचं खोरं. पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा, मग ड्यूर्नश्टाइनचा निळा-पांढरा मनोरा आणि त्याच्या वर पडका किल्ला. तिसऱ्या क्रुसेडवरून परतणाऱ्या इंग्लंडच्या पहिल्या रिचर्ड राजाला ११९२ च्या हिवाळ्यात याच किल्ल्यात कैद करून ठेवलं होतं. चारला चहा. सातला सगळ्यांचं एकत्र जेवण.

यात सोय कशाची आहे? बॅग एकदाच उघडायची. रोज हॉटेल बदलणं नाही, स्टेशनावर सामान ओढणं नाही, आणि गाव दारात येतं. ब्रातिस्लाव्हाला बोटीतून उतरून जुन्या गावात पाच मिनिटांत चालत पोचलो.

आणि तोटा? वेळ तुमच्या हातात नसतो. फलकावर "सर्वांनी बोटीवर: ४.३०" असं लिहिलेलं असतं आणि बोट खरोखर कोणासाठी थांबत नाही. आमचे दीर गावात गेले की एका चहाच्या टपरीवर तासभर बसणार, तिथल्या माणसांशी बोलणार, संध्याकाळी तीच गल्ली पुन्हा पाहणार, अशा स्वभावाचे. ब्रातिस्लाव्हाला एका छोट्या चौकात त्यांना सूर सापडला होता, तेवढ्यात परतायची वेळ झाली. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून घरातल्या प्रत्येकाने हे प्रश्न वेगवेगळं बसून सोडवावेत, एकमेकांना न विचारता:

- मागच्या सहलीतला सगळ्यात आवडलेला तास कोणता? त्या तासात तुम्ही चालत होतात, की खिडकीपाशी बसून बाहेर बघत होतात?
- रोज त्याच माणसांबरोबर जेवायला आवडेल का?
- रात्री नऊनंतर शहरात फिरण्यात तुम्हाला रस आहे का?
- तीन तास नुसतं काठाकडे बघत बसता येईल का, हातात फोन न घेता?

पहिल्याचं उत्तर "खिडकीपाशी" आणि शेवटच्याचं "हो" असेल, तर बोट तुमच्यासाठी आहे. तिसऱ्याचं "हो" असेल तर जपून. लहान मुलं बरोबर असतील तर मी सरळ नको म्हणेन. त्यांना बोटीवर करण्यासारखं फार काही नसतं, आणि बऱ्याच कंपन्या ठरावीक वयाखालच्या मुलांना घेतही नाहीत.

३. नदी निवडा, मग महिना

कंपनी आणि सवलत नंतर बघा. प्रवासाचा पोत नदी ठरवते.

*डॅन्यूब.* पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हीच सुचवेन. काठावर व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट अशा राजधान्या आणि मध्ये वाखाऊ. पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्यांचा संगम आहे, आणि तिन्हींचे रंग वेगळे दिसतात. कराडच्या प्रीतिसंगमावर ज्यांचं लहानपण गेलंय त्यांचे पाय तिथे नक्की रेंगाळतील, माझे रेंगाळले. काठावर किलोमीटरच्या पाट्या असतात, त्या काळ्या समुद्राच्या बाजूने मोजलेल्या. म्हणजे पासाऊला २२२६ आणि बुडापेस्टला १६४७. आपण पुढे जातो तसा आकडा घटत जातो. यजमानांनी वहीत रोज तो लिहून ठेवला.

*ऱ्हाइन.* बासेल ते ॲम्स्टरडॅम. र्‍यूडेसहाइम ते कोब्लेन्झ हा साधारण ६५ किलोमीटरचा टप्पा किल्ल्यांनी भरलेला आहे. ज्यांना गड-किल्ल्यांचं वेड आहे त्यांच्यासाठी हाच. मात्र हा टप्पा दिवसा पार होतो का, हे कार्यक्रमपत्रिकेत आधी तपासा. ही नदी मालवाहू बोटींनी गजबजलेली असते आणि दोन्ही काठांनी रेल्वे धावते, त्यामुळे आवाज जास्त.

*डौरो.* पोर्तुगालमधली. इथे बोटी रात्री चालत नाहीत, त्यामुळे झोप शांत आणि सगळा देखावा उजेडात. उन्हाळ्यात कडक ऊन.

*सेन.* पॅरिस ते नॉर्मंडी. चित्रकलेची आवड असेल तर.

महिन्याचं म्हणाल, तर नेदरलँड्समधल्या ट्युलिपसाठी मार्चअखेर ते मेचा पहिला आठवडा. नाताळचे बाजार नोव्हेंबरअखेरीस सुरू होतात, पण डिसेंबरात व्हिएन्नाला चारच्या सुमारास अंधार पडतो. नदी बघायला जाणार असाल तर डिसेंबर नको. दिवाळीच्या सुटीचा ऑक्टोबर रंगांच्या दृष्टीने सुरेख, फक्त पाण्याचं पुढे सांगते आहे ते वाचून ठरवा.

४. केबिन: इथे आम्ही फसलो

सगळ्यात खालच्या मजल्यावर खिडकी छोटी, वरच्या बाजूला आणि न उघडणारी. बाहेर पाणी जवळजवळ खिडकीच्या पातळीला. मधल्या आणि वरच्या मजल्यावर जमिनीपासून छतापर्यंत काच, ती सरकवली की कठडा. याला फ्रेंच बाल्कनी म्हणतात. नावात बाल्कनी असली तरी बाहेर पाऊल टाकायला जागा नसते, खुर्ची ठेवणं दूरच.

आम्ही बरेच जास्त पैसे देऊन वरच्या मजल्यावरची केबिन घेतली. लिंट्झला सकाळी उठून मी मोठ्या हौसेने पडदा सरकवला, तर दीड हातावर दुसऱ्या बोटीची काच आणि आत एक आजोबा दाढी करत होते! गर्दीच्या धक्क्यांवर बोटी एकमेकींना चिकटून दोन-दोन, तीन-तीन लावतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुमची बोट बाहेरच्या बाजूला असेल तर दुसऱ्या बोटीच्या हॉलमधून चालत काठावर जावं लागतं. सात दिवसांत तीनदा तसं झालं.

माझं मत: दिवसा तुम्ही डेकवरच असणार आहात. म्हणून मधला मजला घ्या, वरच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. केबिन शक्यतो मध्यभागी घ्या, मागच्या टोकाला इंजिनाचा आवाज येतो. ज्येष्ठांसाठी खालचा मजला टाळा, कारण बऱ्याच बोटींची लिफ्ट तिथपर्यंत जात नाही. सन डेकवरही सहसा जिन्यानेच जावं लागतं.

५. गुडघे

सासूबाईंचा एक गुडघा बदललेला आहे. बोटीवर त्यांना काहीच अडचण आली नाही, अडचण आली ती गावांत. जुनी गावं म्हणजे घडीव दगडांचे उंचसखल रस्ते. धक्क्यावर उतरायची फळी नदीच्या पातळीप्रमाणे कधी सपाट, कधी चांगलीच चढाची. बुकिंग करतानाच विचारा: हळू चालणाऱ्यांसाठी वेगळा गट असतो का? आमच्या बोटीवर होता, आणि त्या गटाचा गाइड सगळ्यात चांगला निघाला. ज्या दिवशी सासूबाईंना जावंसं वाटलं नाही, त्या दिवशी त्या डेकवर शाल पांघरून बसल्या आणि गाव त्यांना बसल्या जागी दिसलं. बसच्या सहलीत हे होत नाही.

६. जेवण आणि बोटीवरची भाषा

शाकाहारी पदार्थ रोज मिळाले, पण बुकिंगच्या वेळी लेखी कळवलं होतं म्हणून. चौथ्या दिवसानंतर चीज, पास्ता आणि भाजलेल्या भाज्या यांची पाळी फिरून येते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी कंपनीकडून स्पष्ट उत्तर ईमेलवर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. आम्ही मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि भाजके पोहे नेले होते. रोज सकाळी बिनसाखरेचं दही घेऊन सासूबाई त्यात पोहे आणि मेतकूट कालवायच्या. तुपाचा डबा, पेढे, खव्याची बर्फी मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत आणायला बंदी आहे. केबिनमध्ये इस्त्री किंवा विजेची शेगडी लावायलाही परवानगी नसते.

भाषेचा सापळा मोठा आहे. स्वस्त वाटणाऱ्या काही बोटींवर सगळा कारभार जर्मनमध्ये चालतो, घोषणा आणि गाइडसुद्धा. आम्ही अशी एक बोट जवळजवळ ठरवली होती. "बोटीवरची भाषा कोणती?" हा प्रश्न विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. सहप्रवासी बहुतेक साठीच्या पुढचे असतात. आपल्याकडच्या ग्रुप टूरसारखा मराठी बोलणारा टूर मॅनेजर हवा असेल, तर तसा गट घेऊन जाणारी कंपनी शोधावी लागेल.

७. पाणी: ज्याची हमी कोणी देत नाही

नदी जास्त भरली तर बोट पुलाखालून जात नाही. आटली तर तळ लागतो. २०१८ च्या ऑक्टोबरात ऱ्हाइनवरच्या कौबच्या मापकाचा आकडा २५ सेंटीमीटरपर्यंत उतरला होता. हा आकडा म्हणजे पात्राची पूर्ण खोली नव्हे, पण तेवढ्यावर वाहतूक अडखळते. २०२२ च्या उन्हाळ्यातही तसाच दुष्काळ पडला. उलट जून २०१३ मध्ये पासाऊला पाणी १२.८९ मीटरवर गेलं आणि जुनं गाव बुडालं. सप्टेंबर २०२४ च्या पुरात ऑस्ट्रियातली डॅन्यूबवरची वाहतूक काही दिवस बंद होती.

अशा वेळी कंपनी प्रवाशांना बसने पुढे नेते, कधी मध्येच दुसऱ्या बोटीवर बसवते, कधी बोट हॉटेलसारखी एका जागी उभी राहते. करारात बहुधा लिहिलेलं असतं की कार्यक्रम बदलला तरी पैसे परत नाहीत. आमच्या प्रवासात एक पूल इतका बुटका लागला की सन डेक दोन तास बंद होता, कठडे आडवे पाडले होते आणि कप्तानाची खोलीसुद्धा खाली दाबून घेतली होती. आम्ही तेवढ्यावर सुटलो. करारातलं ते कलम वाचा आणि प्रवास विम्यात अशा बदलाची भरपाई आहे का, ते विमा कंपनीला विचारा. बहुतेकांत नसते.

"बसने न्यावं लागलं तर सहल वाया गेली असं वाटेल" असा तुमचा स्वभाव असेल, तर वसंत ऋतू किंवा जूनचा मध्य निवडा. धोका तेव्हाही राहतो, पण उन्हाळ्याअखेरीच्या आटलेल्या पाण्यापेक्षा कमी.

८. पैशांचा हिशेब

सात रात्रींचा माणशी दर साधारण दीड-दोन हजार युरोपासून सुरू होतो आणि चार हजारांच्या वर जातो. त्यावर हे धरा: विमान, आधीची आणि नंतरची एकेक हॉटेलची रात्र, बोटीवरच्या कर्मचाऱ्यांची टिप (बऱ्याच कंपन्या दिवसाला माणशी १० ते १५ युरो सुचवतात), जादा सहली, बंदर शुल्क. भारतातून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा कर, लागतो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पावती जपा.

एकट्याने जाणाऱ्याला दोघांच्या केबिनचे जवळजवळ पूर्ण पैसे पडू शकतात. दिरांच्या बाबतीत हेच झालं.

आदल्या दिवशी पोचा. विमानाला उशीर झाला तर बोट निघून गेलेली असते, आणि पुढच्या गावी आपापल्या खर्चाने गाठावी लागते.

९. व्हिसा आणि कागदपत्रं

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. मे-जूनसाठी अपॉइंटमेंट मिळणं अवघड असतं, म्हणून फेब्रुवारीतच लागा. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, इथे क्रूझवाल्यांचा गोंधळ होतो. बोट रात्री एका देशात आणि सकाळी दुसऱ्यात असते. एक कोरा कागद घ्या, तारीखवार लिहा आणि मोजा. सगळ्यात जास्त दिवस ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे भरले तर जिथे पहिल्यांदा प्रवेश करणार तो देश. आम्ही म्युनिकला उतरलो, पण दिवस ऑस्ट्रियाचे जास्त भरले म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे केला. तो तारीखवार तक्ता अर्जाला जोडला होता.

बुडापेस्टच्या पुढे सर्बियात जाणारी क्रूझ असेल, तर सर्बिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही. पुन्हा आत यायचं असल्याने अनेक प्रवेशांचा व्हिसा लागेल, आणि सर्बियाचे स्वतःचे नियमही तपासावे लागतील.

लागणारे कागद:

- पासपोर्ट: १० वर्षांच्या आत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं
- ३५ × ४५ मिलिमीटरचे नवे फोटो
- क्रूझ कंपनीचं पत्र: बोटीचं नाव, केबिन आणि प्रत्येक मुक्कामाची तारीख असलेलं. नुसती पैसे भरल्याची पावती चालेल असं गृहीत धरू नका
- आधीच्या आणि नंतरच्या हॉटेलचं आरक्षण, विमानाचं आरक्षण
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण असलेला वैद्यकीय प्रवास विमा
- बँकेचं स्टेटमेंट, प्राप्तिकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजेचं पत्र, निवृत्त असाल तर पेन्शनचे कागद
- शुल्क: जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, त्याशिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क

बोटीवर चढल्यावर पासपोर्ट रिसेप्शनला ठेवून घेतात. घाबरू नका, ती रीतच आहे. छायांकित प्रत मात्र खिशात असू द्या.

१०. उत्तर "नको" आलं तर

मग नदी सोडू नका, बोटीवर राहणं सोडा. दिरांसाठी पुढच्या खेपेला आम्ही हेच आखलं आहे. व्हिएन्नात पाच रात्री एकाच हॉटेलात. त्यातला एक दिवस रेल्वेने मेल्कला. स्टेशनवरून मठ चालत पंधरा मिनिटांत येतो. दुपारी मेल्कहून क्रेम्सची दिवसाची बोट, प्रवाहाबरोबर पावणेदोन तासांच्या आसपास. उलट दिशेने गेलात तर जवळजवळ तीन तास, म्हणून मेल्कवरूनच सुरुवात करा. ही बोट हिवाळ्यात बंद असते, एप्रिल ते ऑक्टोबर धरून चला. वाटेत ड्यूर्नश्टाइनला उतरून किल्ल्यावर चढायचं, हवा तितका वेळ वर बसायचं, आणि संध्याकाळी क्रेम्सहून रेल्वेने परत. पुढे बुडापेस्टला रेल्वे आहेच, दोन तास चाळीस मिनिटांची.

कुठली बाजू निवडावी हे ठरतच नसेल, तर आधी हाच एक दिवस करून बघा. आम्ही क्रेम्सहून निघालो तेव्हा तिथल्या धक्क्यावर असंच एक जोडपं भेटलं होतं, नाशिकचं. ते दिवसाच्या बोटीतून उतरत होते आणि ताई आमच्या बोटीकडे बघून यजमानांना विचारत होत्या, "हिच्यात रात्री राहता येतं का हो?"